सांगलीहून रेल्वेने केदारकंठ्याला: गाडी, सॅक आणि मधला एक दिवस

विश्रामबागेतून आलेला प्रश्न असा आहे. तिघे मित्र सांगलीचे आणि एकाची आतेबहीण साताऱ्याची, असे चौघे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकला निघालेत. हिमालय चौघांनाही पहिल्यांदाच. ट्रेक नेणाऱ्यांनी सकाळी साडेसहाला देहरादून स्टेशनबाहेर जमायला सांगितलंय. यांचा बेत असा, की गोवा एक्सप्रेसने दिल्ली गाठायची, दिवसभर दिल्ली बघायची, रात्री नंदादेवी एक्सप्रेस धरायची, ती पहाटे देहरादूनला सोडते, आणि स्टेशनातून बाहेर पडून थेट सांक्रीच्या, म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो त्या गावाच्या, जीपमध्ये बसायचं. शिवाय विचारलंय, की त्यापेक्षा विमान बरं का, सॅक गाडीत कशी न्यायची, स्टोव्ह आणि गॅस नेता येईल का, थंडीत स्लीपर झेपेल का, आणि घरच्यांशी बोलता येईल का.

मी साताऱ्याची. इथून हिमालयात गट घेऊन जायला लागले त्याला बरीच वर्षं झाली, आणि जाणं जवळजवळ नेहमी रेल्वेनेच झालं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: बाकी सगळं ठीक आहे, पण नंदादेवीतून उतरून तासाभरात जीप हा भाग बदला. कागदावर तो बसतो. डिसेंबरअखेर तो बसत नाही.

कारण धुकं. आपल्याकडे कृष्णाकाठी हिवाळ्यात सकाळी धुकं पडतं, आयर्विन पुलावरून पलीकडचं दिसत नाही, पण आठ-नऊला ऊन आलं की विरून जातं. गंगा-यमुनेच्या मैदानातलं धुकं वेगळ्या जातीचं. तिथे जमिनीत ओल भरपूर, रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला. जमीन थंड होते, तिच्यालगतची दमट हवा थंड होते आणि तिथेच बसून राहते. कधी दुपारपर्यंत उठत नाही, कधी दोन-तीन दिवस सलग उठत नाही. इंजिनच्या चालकाला सिग्नल जवळ येईपर्यंत दिसत नाही, त्यामुळे गाड्या हळू चालवाव्या लागतात. पुढचा सिग्नल जवळ आल्याचं सांगणारी यंत्रं आता इंजिनात असतात, तरी वेग कमीच ठेवतात, आणि ठेवायलाच हवा. आग्रा-मथुऱ्याच्या पुढे हे जास्त जाणवतं. त्यात भर म्हणजे आज उशिरा पोचलेल्या गाडीचेच डबे धुऊन-पुसून परतीच्या गाडीला लागतात. म्हणून उशीर एका गाडीपुरता राहत नाही, पुढच्या गाडीच्या अंगावर जातो. धुक्याच्या दिवसांत उत्तरेतल्या काही गाड्या रेल्वे आधीच रद्द करते किंवा फेऱ्या कमी करते. तेव्हा तिकीट काढताना त्या तारखेला गाडी खरोखर धावणार आहे ना, हे पहिलं बघा.

आता तुमच्या बेताचा हिशोब. दिल्लीला जाणारी गाडी पाच तास उशिरा आली तर तुमचं दिल्लीदर्शन जाईल, बाकी काही नाही. तो धक्का तुमचा बेत पचवतो. पण रात्रीची गाडी दोनच तास उशिरा देहरादूनला पोचली, तर जीप निघून गेलेली असते. ती थांबत नाही, कारण देहरादून ते सांक्री जवळपास २०० किलोमीटर घाटरस्ता आहे, मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नेटवाड असं करत आठ-दहा तास लागतात, आणि उत्तराखंडात डोंगरातल्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर गाड्या चालवत नाहीत. मागे राहिलेल्यांना मग स्वतःची गाडी करावी लागते किंवा ट्रेक सोडावा लागतो. गाठलीच जीप, तरी धावतपळत, न झोपता, उपाशीपोटी त्या वळणावळणाच्या रस्त्याला लागायचं म्हणजे सांक्रीत उतरेपर्यंत निम्मा गट उलट्या करून आडवा झालेला असतो. ट्रेकचा पहिला दिवस तिथेच वाया जातो.

म्हणून असं करा. गोवा एक्सप्रेस सांगलीहून रात्री उशिरा निघते, मधला एक अख्खा दिवस गाडीत जातो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीचं हजरत निजामुद्दीन स्टेशन येतं. त्याच दिवशी दुपारी नवी दिल्लीहून देहरादूनला जनशताब्दी आहे. ती चुकली तर काश्मिरी गेट बस स्थानकावरून देहरादूनच्या बस दिवसभर सुटतात. म्हणजे सांगलीची गाडी सात-आठ तास रखडली तरी तुम्ही त्या रात्री देहरादूनला पाठ टेकता. आणि जीपचा दिवस दुसऱ्या दिवशीचा नको, तिसऱ्या दिवशीचा ठेवा. मधला एक दिवस पूर्ण मोकळा. एप्रिल-मे असता तर मी या मोकळ्या दिवसाचा आग्रह धरला नसता, एक रात्र पुरली असती. डिसेंबरअखेर मात्र धरतेच.

रजा वाढते, हे मला कळतंय. सांगलीहून निघाल्यापासून परत येईपर्यंत तेरा दिवस धरा. नोकरीत तेवढी सुट्टी मिळत नसेल तर मोकळा दिवस कापण्यापेक्षा जाताना विमान घ्या आणि येताना रेल्वेने या. पुण्याहून दिल्लीला विमानं भरपूर आहेत. पण दिल्लीच्या विमानतळालाही हेच धुकं लागतं, हे विसरू नका, विमानाने गेलात तरी देहरादूनला एक रात्र हवीच. आणि एक समज काढून टाका: रेल्वेने हळूहळू गेल्यामुळे शरीर उंचीला सरावतं असं काही नाही. दिल्ली समुद्रसपाटीपासून सातशे-साडेसातशे फुटांवर आहे. सराव व्हायला सुरुवात होते ती सांक्रीत, जवळपास ६,४०० फुटांवर, आणि तिथून १२,५०० फुटांच्या माथ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने चढताना जे मुक्काम होतात त्यांच्यामुळे. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, जेवण नको झालं तर लाजून गप्प बसू नका, लगेच सोबतच्या लीडरला सांगा. वाढत गेलं तर खाली उतरणं हाच उपाय.

मोकळ्या दिवशी सगळं वेळेवर झालंच तर काय करायचं? मसुरीला जाऊ नका. वर्षअखेरीला तिथल्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि दिवस गाडीत बसून जातो. देहरादूनमध्येच वन संशोधन संस्थेची इंग्रजांच्या काळातली भव्य इमारत आणि भोवतीची झाडी आहे, तिथे दोन तास चाला. हातमोजे, कानटोपी, जाड मोजे यातलं काही राहिलं असेल तर बाजारात घ्या. एटीएममधून रोख पैसे काढा, कारण पुरोल्यानंतर एटीएमच्या भरवशावर राहता येत नाही. आणि रात्री लवकर झोपा.

तिकिटांचं बोलू. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, १२० दिवसांचा नियम नोव्हेंबर २०२४ पासून गेला. डिसेंबरअखेरची तिकिटं ऑक्टोबरअखेर उघडतात आणि नाताळच्या सुट्टीमुळे, त्यातही गोव्याहून येणारी गाडी म्हणून, भराभर संपतात. उघडण्याच्या दिवशी सकाळी आठला बसा. सांगलीहून प्रतीक्षायादी दिसत असेल तर बेळगाव किंवा मडगावपासून बघा, मधल्या स्टेशनांचा कोटा छोटा असतो आणि सुरुवातीच्या स्टेशनांचा मोठा. तिथून तिकीट काढून ‘बोर्डिंग’, म्हणजे गाडीत चढायचं स्टेशन, सांगली करून घ्यायचं. थोडे पैसे जास्त जातात, पण जागा पक्की होते. बोर्डिंग बदलायला मात्र विसरू नका. पूर्ण प्रतीक्षायादीतलं ऑनलाइन तिकीट तक्ता लागल्यावर आपोआप रद्द होतं, ते घेऊन गाडीत चढता येत नाही. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला, आणि त्यासाठी आता आधार जोडलेलं खातं लागतं. पण चौघांचा हिमालयाचा बेत तत्काळवर टांगून ठेवू नका. गोवा एक्सप्रेस नाहीच मिळाली तर कोल्हापूरहून आठवड्यातून एकदा निजामुद्दीनला गाडी आहे, तीही सांगली-साताऱ्यावरून जाते. तिची तारीख जुळत असेल तर बघा.

आतेबहिणीच्या तिकिटाकडे नीट लक्ष द्या. तुम्ही सांगलीत बसता तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले नसतात. साताऱ्याला गाडी येते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. म्हणजे तुमची तारीख २३ असेल तर साताऱ्यातून तिची तारीख २४. हा गोंधळ दरवर्षी कुणाचा तरी होतो: २४ तारखेच्या रात्री जेवूनखावून माणूस स्टेशनवर जातो आणि त्याची गाडी तेव्हा भोपाळ ओलांडून गेलेली असते. तिचं तिकीट वेगळं काढा. सगळ्यांचं एकाच पीएनआरवर काढून बोर्डिंग बदललं तर ते चौघांचंही बदलतं, आणि न बदलता ती साताऱ्याला चढली तर मधल्या वेळात तिचा बर्थ तपासनीसाने दुसऱ्याला दिलेला असू शकतो. आणखी एक, सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीकडे आहे. एसटी स्टँडवरून रात्री साडेअकरा-बाराला रिक्षा मिळेलच असं नाही. घरचं कुणीतरी सोडायला यावं किंवा ओळखीच्या रिक्षावाल्याला संध्याकाळीच सांगून ठेवावं. मुलगी एकटी चढणार असेल तर तुमच्यापैकी एकाने जागं राहून डब्याच्या दारात उभं राहायचं, डबा कुठे लागतोय ते तिला फोनवर सांगायचं. गाडी तिथे फार वेळ थांबत नाही आणि पाठीवर सॅक घेऊन दहा डबे पळता येत नाही.

दिल्ली ते देहरादूनचं तिकीट काढताना दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. २०१९ पासून ही सोय आहे: पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे परत मिळतात. दोन्हींवर प्रवाशांची नावं एकसारखी असायला लागतात. मात्र तुमची दोन तिकिटं सुरुवातीलाच वेगळी असतील, सांगलीकरांचं एक आणि तिचं एक, तर पुढचीही त्याच वाटणीने काढा, म्हणजे जोडायला अडचण येत नाही. आणि गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि जायचंच रद्द केलं, तर पूर्ण पैसे मागता येतात, हेही माहीत असू द्या.

आता सॅक. या विषयावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण डोंगरासाठी बनवलेली सॅक रेल्वेसाठी बनवलेली नसते. तिला बाहेरून पट्टे, बकल, लोंबणाऱ्या दोऱ्या. बर्थखाली ढकलताना पट्टा कुठेतरी अडकतो, पलीकडचा माणूस आपली पेटी ओढतो आणि बकल तुटतं. कमरेच्या पट्ट्याचं बकल तुटलं की पुढचे चार दिवस सगळं वजन खांद्यावर. शिवाय बर्थखालची धूळ, सांडलेला चहा, फरशी पुसल्याचं पाणी हे सगळं पाठीच्या फोममध्ये मुरतं.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. मार्केट यार्डाच्या बाजूला ताडपत्री शिवणारे असतात, त्यांच्याकडून प्रत्येक सॅकसाठी एक पोतं शिवून घ्या. तुमची ६० लिटरची सॅक भरून उभी करा, तिची उंची आणि घेर मोजा, दोन्हीत वीतभर जास्त धरा. तोंडाशी चार-सहा पितळी रिंगा ठोकून घ्या, त्यातून साखळी ओवून कुलूप लावता येतं. बाजूला एक जाड पट्टीची मूठ. सॅकचे सगळे पट्टे आत ओढून, कमरेचा पट्टा उलटा मागे लावून ती पोत्यात घाला. लोअर बर्थखाली लोखंडी कडी असते, साखळी तिच्यात अडकवा. अशा पोत्याकडे कुणी बघतही नाही, भारीतली रंगीत सॅक मात्र नजरेत भरते. आणि खरा फायदा दिल्लीत होतो: स्टेशनच्या क्लोकरूममध्ये कुलूप लावलेलं सामानच ठेवून घेतात. दोरीने तोंड आवळलेल्या सॅकला कुलूप लागत नाही, पोत्याला लागतं. ट्रेकला निघताना हीच पोती देहरादूनच्या हॉटेलात जादा कपडे भरून ठेवायला होतात.

वजनाची हद्द स्लीपर आणि थर्ड एसीत माणशी ४० किलो आहे, त्याची काळजी नाही. काळजी तुमच्या गुडघ्यांची. तंबू, स्लीपिंग बॅग आणि स्वयंपाक ट्रेक नेणारे बघणार असतील तर तुमची सॅक पाण्यासकट दहा किलोच्या आत यायला हवी. घरच्या वजनकाट्यावर आधी सॅक घेऊन उभे राहा, मग नुसते.

सॅकशिवाय एक लहान पिशवी प्रत्येकाची, ती झोपताना उशाला. तिच्यात ओळखपत्र आणि त्याच्या दोन प्रती, डॉक्टरचं प्रमाणपत्र मागितलं असेल तर ते, पैसे, रोजची औषधं, चष्मा, टॉर्च, जाड जॅकेट आणि बूट. होय, बूट. बाकी सगळं देहरादूनला किंवा सांक्रीला भाड्याने मिळतं, बर्फात बुटाखाली लावायचे काटेसुद्धा. दोन महिने घालून पायाला बसलेले बूट कुठेच भाड्याने मिळत नाहीत. बर्थखाली काढून ठेवलेले बूट सकाळी दिसले नाहीत तर तुमचा ट्रेक भुसावळलाच संपतो. गाडीत साधी चप्पल घाला आणि बूट कापडी पिशवीत घालून उशाच्या पिशवीशी बांधा.

गॅसचं उत्तर सरळ नाही असं आहे. ट्रेकिंगच्या स्टोव्हची छोटी गॅसची डबीसुद्धा रेल्वेत नेता येत नाही. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट, काहीच नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ६७ आणि १६४ प्रमाणे ज्वलनशील माल घेऊन प्रवास करणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘कुणी तपासत नाही’ हा सल्ला ऐकू नका. आपल्या डब्यात सत्तर-ऐंशी माणसं झोपलेली असतात, म्हाताऱ्या आणि पोरंबाळं असतात, त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. रिकामा, स्वच्छ पुसलेला स्टोव्ह नेऊ शकता, डबी देहरादूनला मिळते. पण या ट्रेकला जेवण मिळणार असताना तुम्हाला स्टोव्ह हवाच कशाला? घरीच ठेवा, तेवढं वजन वाचलं.

स्लीपर की एसी? जाताना थर्ड एसी घ्या, परवडत असेल तर. सांगलीत डिसेंबरची रात्र म्हणजे एक चादर. भोपाळ ओलांडल्यावर स्लीपरच्या खिडकीच्या फटीतून जी हवा येते ती वेगळी, आणि ग्वाल्हेरपासून पहाटेपर्यंत अंग शेकत नाही. सर्दी-खोकला घेऊन बारा हजार फुटांवर जायचं नसतं, तिथे साधी सर्दीही छातीत उतरते. स्लीपरच घ्यायचा असेल तर खिडकीचे दोन्ही झडप, काच आणि पत्रा, खाली ओढा, साइड लोअर टाळा, आणि प्रत्येकी एक सोलापुरी चादर आणि एक जाड शाल घ्या. थर्मल कपडे गाडीत घालू नका, ते डोंगरासाठी कोरडे आणि स्वच्छ राहू द्या. येताना खुशाल स्लीपरने या.

गाडीतला दिवस कंटाळवाणा वाटत असेल तर सांगते, तो तसा नाही. पुण्यात पहाटे गाडी उलटी फिरते. मिरजेकडची लाइन आणि दौंडकडची लाइन दोन्ही पुण्याला पूर्वेकडूनच मिळतात, म्हणून इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं. अर्धवट झोपेत दर वेळी कुणीतरी ‘अरे, गाडी परत चालली’ म्हणून उठून बसतं. मग दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ. इटारसी सोडल्यावर नर्मदा लागते, त्या पुलावर दारात गर्दी करू नका, खिडकीतून बघा. दर दोन तासांनी उठून डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, पोटऱ्या ताणा. दिवसभर मांडी घालून बसलेल्यांचे पाय संध्याकाळी सुजतात. मोबाइल आणि पॉवर बँक दिवसाच भरून घ्या, रात्री अकरा ते पहाटे पाच डब्यातले चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात.

पोट सांभाळणं हा रेल्वेप्रवासातला सगळ्यात मोठा अभ्यास. ट्रेकच्या पहिल्या दिवशी जी माणसं ढासळतात त्यातल्या बऱ्याच जणांचं बिघडलेलं असतं ते पोट, आणि ते बिघडतं गाडीत. पहिला दिवस पूर्ण घरच्या डब्यावर काढा. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन-तीन दिवस सहज टिकतात, धपाटे टिकतात, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ तर काय विचारायलाच नको. भडंग न्या, पण कांदा-कोथिंबीर न घालता. कापलेली फळं, उघडं दही, स्टेशनवरचं पाणी नको. संत्री-केळी चालतील. प्रत्येकाकडे ओआरएसची चार पाकिटं असू द्या. आणि ट्रेकसाठी तासगावचे बेदाणे विसरू नका. महागड्या एनर्जी बारवर पैसे घालण्यापेक्षा पावशेर बेदाणे, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे एका डबीत मिसळून जॅकेटच्या खिशात ठेवा. तिथल्या थंडीत चॉकलेट दगड होतं, बेदाणा चावता येतो. साताऱ्याहून येणारीला कंदी पेढे आणायला सांगा, एक डबा जीपच्या चालकाला आणि वाटाड्याला द्या. डोंगरातली माणसं जीव लावतात, आपणही हात रिकामे ठेवू नयेत.

निजामुद्दीनला उतरल्यावर घाई करू नका. बाहेरच सराय काले खान बस स्थानक आणि मेट्रोच्या पिंक लाइनचं स्टेशन आहे. नवी दिल्ली स्टेशन तिथून रिक्षा-टॅक्सीने गाठता येतं, पण सकाळच्या गर्दीत तासभर धरा. मेट्रोत सॅक एक्स-रेमधून जाते, चाकू-सुरी असेल तर अडवतात, म्हणून फळं कापायचा चाकू घरी ठेवा. वेटिंग रूममध्ये तोंड धुवा, गरम काहीतरी खा. सामानाला एक माणूस कायम, चौघे मिळून चहाला जायचं नाही.

आता तालमीविषयी. निघायच्या आधी महिनाभर तरी शिल्लक असताना एक रविवार काढा. तिघांनी पूर्ण भरलेली सॅक पोत्यात घालून सकाळच्या गाडीने सांगलीहून साताऱ्याला यायचं. बर्थखाली नाही तरी बाकाखाली पोतं जातं का ते कळेल, प्लॅटफॉर्मवर ते पाठीवर कसं घ्यायचं ते कळेल, कुणी किती फालतू सामान भरलंय तेही कळेल. साताऱ्यात आतेबहिणीला घ्या आणि सातारा-कोरेगाव रस्त्यालगतचा जरंडेश्वर सॅकसकट चढा, नाहीतर अजिंक्यतारा आणि यवतेश्वर एकाच दिवसात करा. संध्याकाळच्या गाडीने परत. एरवी सांगलीकरांना सपाट रस्त्यांची सवय, म्हणून आठवड्यातून एकदा दंडोबाचा डोंगर किंवा सागरेश्वर करत राहा. चढताना दम लागला तरी चालेल, थांबता येतं. उतरताना गुडघे थरथरत असतील तर काठ्या वापरायला आणि छोटी पावलं टाकायला आत्ताच शिका, बर्फात उतारच जास्त घसरवतो.

परतीलाही देहरादूनला त्या संध्याकाळी पोचून लगेच रात्रीची गाडी धरू नका. बर्फ पडला तर सांक्रीचा रस्ता अर्धा दिवस अडतो. देहरादूनला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दिल्ली, आणि तिसऱ्या दिवशीची सांगलीची गाडी, असं तिकीट काढा. ओले मोजे आणि कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधून दोन दिवस गाडीत ठेवले तर डब्यात कुणाला बसवणार नाही, देहरादूनच्या हॉटेलात रात्री वाळवून घ्या. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

घरच्यांशी बोलण्याचं शेवटी. सांक्रीच्या पुढे फोनची आशा धरू नका, सांक्रीतही रेंज येते आणि जाते. आई-वडिलांना आधीच स्पष्ट सांगा, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत फोन लागणार नाही आणि अमुक दिवशी संध्याकाळी लागेल, तोही एखादा दिवस मागेपुढे होऊ शकतो. एका कागदावर रोजचा मुक्काम, ट्रेक नेणाऱ्यांच्या कार्यालयाचा क्रमांक, देहरादूनच्या हॉटेलचा क्रमांक आणि चौघांचे पीएनआर लिहून प्रत्येकाच्या घरी फ्रिजवर लावा. साताऱ्याच्या आत्याकडेही एक प्रत द्या, तिच्या मुलीचा पीएनआर वेगळा आहे.